चिसेची वही आणि युद्ध : जपानी चित्रकथांतील कोवळ्या प्रेमाविषयी

आपल्या विद्यालयातील वरच्या वर्गांच्या मुलामुलींच्या तोंडी ‘मांगा’ आणि ‘अॅनिमे’ हे दोन जपानी शब्द आता चांगलेच रुळले आहेत. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि अॅनिमे म्हणजे जपानी चलच्चित्रे. बऱ्याच पालकांची समजूत अशी की ही कार्टुने आहेत, म्हणजे लहान मुलांची करमणूक. मग सतरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर असले एखादे ‘कार्टून’ पाहून डोळे पुसताना दिसला की घरच्यांना नवल वाटते. काहींना काळजीही वाटते.

काळजी करण्याआधी मुले काय वाचतात हे समजून घेणे बरे. म्हणून या अंकात अशा चित्रकथांच्या एका विशिष्ट प्रकाराची ओळख करून देत आहे. यात शाळकरी वयाची एक जोडी असते, भविष्यातले एक भीषण युद्ध असते, आणि शेवट बहुधा सुखाचा नसतो. या प्रकारातले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे शिन ताकाहाशी यांचे ‘सायशू हेइकी कानोजो’. वाचक त्याला लाडाने ‘साइकानो’ म्हणतात.

पुस्तकाची थोडी माहिती

जपानमध्ये मांगा वाचकांच्या वयानुसार निघतात. लहान मुलग्यांसाठी वेगळी साप्ताहिके, मुलींसाठी वेगळी, तरुण व प्रौढ वाचकांसाठी आणखी वेगळी. पाने उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. ‘साइकानो’ शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या तरुण-प्रौढांच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि २००१ मध्ये पूर्ण झाले. त्याचे सात खंड आहेत. २००२ मध्ये त्यावर तेरा भागांची अॅनिमे मालिका आली, २००६ मध्ये नटनट्यांना घेऊन चित्रपटही निघाला.

नावातच एक गंमत आहे, आणि दुःखही. ‘सायशू हेइकी’ म्हणजे अंतिम शस्त्र. ‘कानोजो’ या शब्दाचे जपानीत दोन अर्थ होतात : ‘ती’ आणि ‘प्रेयसी’. म्हणजे ‘अंतिम शस्त्र असलेली ती’ असाही अर्थ होतो आणि ‘माझी प्रेयसी, जी अंतिम शस्त्र आहे’ असाही होतो. सगळी कथा या दोन अर्थांमधल्या जागेत घडते.

कथा काय आहे?

जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचे मोठे, बर्फाळ बेट आहे. तिथे साप्पोरो शहराच्या पश्चिमेला ओतारू हे समुद्रकाठचे जुने बंदर लागते. गाव डोंगरउतारावर वसलेले असल्यामुळे रस्ते उभ्या चढाचे. त्यातल्या एका चढाला तिथले लोक खरोखरच ‘जिगोकुझाका’, म्हणजे नरकाचा चढ, म्हणतात. कथा याच गावात घडते.

शूजी आणि चिसे ही शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुले. शूजी उंच, चष्मा लावणारा, बोलायला तुसडा पण मनाचा चांगला. चिसे ठेंगणी, अभ्यासात मागे, चालतानाही अडखळणारी आणि वाक्यागणिक माफी मागणारी मुलगी. धीर एकवटून ती शूजीला आपल्या मनातले सांगते आणि तो ‘बरं’ म्हणतो. पण पुढे करायचे काय हे दोघांनाही कळत नाही. मग ते एक वही करतात. एक दिवस ती लिहिणार, दुसऱ्या दिवशी तो. जे तोंडाने बोलता येत नाही ते वहीत लिहायचे. जपानी शाळांतून अशी अदलाबदलीची वही ठेवण्याची पद्धत पुष्कळ रूढ होती. पहिली काही पाने वाचताना वाटते की ही साधी, थोडी हसवणारी शाळकरी गोष्ट आहे.

मग एके दिवशी शूजी मित्रांबरोबर साप्पोरोला खरेदीला गेलेला असताना आकाशात विमाने येतात आणि बॉम्ब पडू लागतात. धूर आणि पडझडीतून वाट काढताना त्याच्यासमोर चिसे उभी राहते. तिच्या पाठीतून पोलादी पंख निघालेले, एका हाताचे शस्त्र झालेले. ती नेहमीसारखी माफीच मागते. लष्कराने या मुलीच्या शरीरात असे काही यंत्र बसवले आहे की ती एकटी साऱ्या विमानांना भारी पडते.

यानंतर चिसे दोन आयुष्ये जगते. सकाळी शाळेचा चढ चढायचा, वहीत लिहायचे. बोलावणे आले की उठून जायचे आणि कुठल्या तरी रणभूमीवर शहरेच्या शहरे बेचिराख करून परतायचे. प्रत्येक वेळी तिच्यातले यंत्र थोडे वाढते आणि माणूस थोडा कमी होतो. औषधांवाचून तिचे चालेनासे होते. पूर्वी जिला रस्ता ओलांडायची भीती वाटे, तिची आता सर्वांना भीती वाटू लागते. तिला स्वतःलाही.

आजूबाजूची माणसेही एकेक करून गळत जातात. शूजीची बालमैत्रीण अकेमी हीच चिसेचीही मैत्रीण. मनातून ती शूजीवर प्रेम करते, पण मैत्रिणीसाठी तोंडातून शब्द काढत नाही. आत्सुशी नावाच्या मित्राचे अकेमीवर प्रेम. तिचे रक्षण व्हावे म्हणून तो लष्करात भरती होतो. इकडे भूकंपात जखमी झालेली अकेमी घरीच प्राण सोडते. जिच्यासाठी हा लढायला गेला ती त्याच्यामागे घरातच गेली. युद्धात रक्षणाच्या कल्पनेचे काय होते, हे या एका प्रसंगातून जितके कळते तितके लांबलचक भाषणातून कळत नाही.

शेवटी पृथ्वीच संपत येते. चिसे आणि शूजी गाव सोडून थोडे दिवस एका दुसऱ्या गावी संसार मांडून पाहतात. तेही फार काळ टिकत नाही. शेवट सगळा सांगत नाही, वाचणाऱ्याचा हक्क आहे. सुखाचा नाही, एवढे मात्र आधी सांगून ठेवतो.

दुःख नेमके कशाचे?

प्रेमी युगुलातील एकाचा मृत्यू ही शोकांतिकेची जुनी रीत झाली. ‘साइकानो’चे दुःख त्याहून वेगळे आहे. चिसे मरत नाही, ती बदलत जाते. शूजीच्या डोळ्यांदेखत तिच्यातली ती नाहीशी होत जाते, आणि त्याच्या हाती एकच गोष्ट उरते : तिच्याशी आधीसारखेच वागत राहणे. ते जमेल का, हाच या सात खंडांतला खरा संघर्ष आहे. काही वेळा त्याला जमत नाही. तो भितो, चिडतो, दुसरीकडे ओढला जातो. लेखकाने त्याला शूरवीर केलेले नाही, म्हणूनच मुलांना तो आपल्यातला वाटतो.

दुसरे असे, की चिसेला शस्त्र व्हायचे आहे का, हे तिला कुणी विचारलेले नाही. मोठ्यांनी ठरवले आणि एका शाळकरी मुलीचे शरीर सरकारी कामाला लागले. सतरा-अठराव्या वर्षी पुष्कळ मुलामुलींना वाटत असते की आपल्याविषयी सगळे दुसरेच कुणी ठरवते आहे आणि आपले शरीर आपल्याला न विचारता बदलते आहे. चिसेचे पोलादी पंख हे त्या भावनेचेच अतिशयोक्त चित्र आहे. म्हणून आपली मुले पुस्तक मिटल्यावर गप्प होतात. तो मनाचा दुबळेपणा समजू नये.

आठ वर्षांनी पोचणारा निरोप

याच काळातली दुसरी एक कथा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अधिक आवडेल. माकोतो शिनकाई यांनी जवळजवळ एकट्याने, घरच्या संगणकावर तयार केलेले ‘होशी नो कोए’, म्हणजे ‘ताऱ्याचा आवाज’, हे पंचवीस मिनिटांचे चलच्चित्र २००२ मध्ये प्रदर्शित झाले. पुढे मिझू साहारा यांनी त्याची मांगा केली. मिकाको ही पंधरा वर्षांची मुलगी अंतराळातील युद्धासाठी निवडली जाते आणि तिचा वर्गमित्र नोबोरू पृथ्वीवर राहतो. दोघे मोबाइलवरून निरोप पाठवत राहतात.

आता गणित पाहा. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, जातात. गुरूपासून पृथ्वीपर्यंत निरोप यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. प्लूटोच्या सरासरी अंतरावरून सुमारे साडेपाच तास. जहाज आणखी पुढे जाते तसा निरोपाला एक वर्ष लागू लागते. शेवटी मिकाको व्याध ताऱ्यापाशी पोचते. व्याध आपल्यापासून सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. तिथून तिने पाठवलेला निरोप येतो तेव्हा नोबोरू चोवीस वर्षांचा झालेला असतो, आणि निरोपातली मुलगी पंधराच वर्षांची. प्रकाशवर्ष हे काळाचे नव्हे, अंतराचे माप आहे, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. पण त्या अंतराला काळाची किती किंमत मोजावी लागते, हे या कथेतून मनात उतरते.

मधला समाज कुठे गेला?

‘साइकानो’, ‘होशी नो कोए’ आणि मिझुहितो आकियामा यांची ‘इरिया नो सोरा’ ही २००१ ते २००३ या काळातली कादंबरी यांचा जपानी समीक्षक एकत्र विचार करतात. या प्रकाराला तिकडे ‘सेकाई-केई’ असे नाव पडले. ‘सेकाई’ म्हणजे जग. एक मुलगा, एक मुलगी, आणि एकदम जगाचा अंत. या दोन टोकांच्या मध्ये जे असते ते, म्हणजे सरकार, संसद, वर्तमानपत्रे, कारखाने, करार, शत्रुदेश, या कथांमधून जवळजवळ गाळलेले असते.

‘साइकानो’त शत्रू कोण आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. युद्ध कशासाठी सुरू झाले हेही कुणी सांगत नाही. हा विसराळूपणा नाही, लेखकाने जाणूनबुजून केलेली निवड आहे. साध्या माणसाला युद्ध असेच भेटते. वरचे हेतू त्याला समजत नाहीत, घरातले एक ताट मात्र कमी होते. यात कथेचे बळ आहे, तसाच उणेपणाही आहे. शत्रूला नावच नसेल तर तो माणूस राहत नाही. आणि हुकूम देणाऱ्याला चेहरा नसेल तर जाब कुणाला विचारायचा? मग युद्ध भूकंपासारखे वाटू लागते, कुणी न केलेले, आपोआप आलेले.

आम्हा हिंदी माध्यमातून शिकलेल्यांना इथे चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही कथा आठवल्याशिवाय राहत नाही. १९१५ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध चालू असतानाच, ती ‘सरस्वती’ मासिकात आली. तिच्यातही कोवळ्या वयातली ओढ आहे. अमृतसरच्या बाजारात भेटलेली आठ वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा. पंचवीस वर्षांनी ती सुभेदारीण झालेली असते, तो जमादार लहनासिंग. ती त्याच्याकडे आपल्या नवऱ्याचे आणि मुलाचे प्राण मागते, आणि खंदकातल्या कडाक्याच्या थंडीत तो आपला जीव देऊन शब्द पाळतो. पण गुलेरींच्या कथेत पलटण आहे, खंदक आहे, जर्मन शत्रू आहे, कुटुंब आहे, गावाकडचा आंबा आहे. प्रेम आणि युद्ध यांच्यामधला समाज तिथे जागच्या जागी आहे. दोन्ही कथा लागोपाठ वाचल्या तर जपानी कथेत काय गाळले आहे ते आपोआप दिसते.

खऱ्या चिसे

शाळकरी मुलीला शस्त्र करण्याची कल्पना ही निव्वळ कल्पना आहे असे समजू नये. जपानने ते प्रत्यक्ष केलेले आहे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी तोक्योतील मेइजी मंदिराच्या मैदानावर भर पावसात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना रणांगणावर पाठवण्याचा मोठा समारंभ झाला. मार्च १९४५ मध्ये ओकिनावात दोन शाळांतील २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक लष्करी इस्पितळात शुश्रूषेला नेले. पुढे ‘हिमेयुरी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या २४० जणांपैकी १३६ जण रणभूमीवर मरण पावले. १८ जून रोजी, चहूकडून तोफा धडधडत असताना, त्यांना ‘तुकडी बरखास्त’ असा हुकूम मिळाला, आणि बहुतेक मृत्यू त्यानंतरच्या थोड्या दिवसांत झाले. शिक्षक म्हणून मला ही हकीगत वाचवत नाही.

तिसरी हकीगत आपल्या विषयाच्या सर्वांत जवळची आहे. जपानच्या वर, फार उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार प्रवाह वाहतो. त्याचा उपयोग करून जपानी लष्कराने कागदाचे प्रचंड फुगे तयार केले, त्यांना बॉम्ब टांगले आणि नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात नऊ हजारांहून अधिक फुगे पॅसिफिक महासागरापलीकडे अमेरिकेच्या दिशेने सोडले. हे फुगे चिकटवण्याच्या कामी कारखान्यांतून शाळकरी मुली लावल्या होत्या. हातकागदाचे थर कोन्याकू नावाच्या कंदाच्या खळीने चिकटवायचे. काम गुप्त होते.

त्यातले फारच थोडे फुगे अमेरिकेत पोचले. ५ मे १९४५ रोजी ओरेगॉन राज्यातील ब्लाय गावाजवळच्या जंगलात चर्चच्या सहलीला गेलेल्या मुलांना असा एक फुगा पडलेला दिसला. स्फोट झाला आणि पाच मुले व त्यांच्याबरोबर असलेली एक गर्भवती बाई जागीच ठार झाली. ती मुले अकरा ते चौदा वर्षांची होती. एका देशातल्या शाळकरी मुलींच्या हातून, त्यांच्या नकळत, दुसऱ्या देशातली शाळकरी मुले मेली.

हकीगत इथे संपत नाही. युद्धानंतर चाळीस वर्षांनी, उतारवयाला लागलेल्या त्यांतल्या काही जपानी स्त्रियांना आपण चिकटवलेल्या फुग्यांचे काय झाले ते समजले. १९८७ मध्ये त्यांनी हातांनी घडी घालून कागदाचे एक हजार क्रौंच पक्षी केले आणि मृतांच्या नातलगांकडे पाठवले. ज्या हातांनी कागदाचे शस्त्र केले होते त्याच हातांनी कागदाचेच पक्षी केले. १९९५ मध्ये त्या जागी चेरीची झाडेही लावण्यात आली.

मला वाटते, ‘साइकानो’त जे गाळलेले आहे ते या स्त्रियांनी भरून काढले. चिसेलाही आपण केलेल्या संहाराची टोचणी आहे. ती रडते, स्वतःला अपराधी मानते. पण तिने मारलेल्या माणसांची नावे तिला किंवा आपल्याला कधीच कळत नाहीत. ओतारूची चिसे ज्याच्याजवळ आहे त्या एकट्या शूजीचीच माफी मागत राहते. या स्त्रियांनी मात्र पलीकडच्या माणसांचा शोध घेतला आणि जिथे मागायला हवी तिथे माफी मागितली.

पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी

आता थोडे व्यवहाराचे. ‘साइकानो’ लहान मुलांचे पुस्तक नाही. त्यात रक्तपात आहे, शारीरिक जवळिकीची स्पष्ट चित्रे आहेत. जपानमध्येही ते प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात आले. चित्रे गोड आणि गोबऱ्या गालांची आहेत म्हणून फसू नये. शाळेतल्या कुठल्याच वर्गाच्या मुलांच्या हाती ते देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अठरा पूर्ण झाल्यावर ज्याला वाचायचे त्याने जरूर वाचावे. ‘होशी नो कोए’ मात्र नववीपासूनच्या मुलांनी पाहायला हरकत नाही. घरातल्या मोठ्यांनीही सोबत बसून पाहावे, पंचवीसच मिनिटांचा प्रश्न आहे.

शेवटी विद्यार्थ्यांना एक विनंती. अशी कथा वाचून रडू आले तर येऊ द्या, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण डोळे पुसून झाल्यावर कथेला तीन प्रश्न विचारा. हे युद्ध कुणी सुरू केले? या मुलीला शस्त्र करण्याचा हुकूम कुणी दिला? आणि तिचा बॉम्ब जिथे पडला तिथे कोण राहत होते? कथेत उत्तर सापडले नाही तर इतिहासाच्या पुस्तकात शोधा, आणि तिथेही सापडले नाही तर आमच्याकडे या. रोजच्या वर्तमानपत्रातील युद्धाच्या बातम्या वाचतानाही हेच तीन प्रश्न जवळ ठेवा.